चुन्यातली वांगी

“पाटणकर, ही वांगी पिवळी का?”

बीडीओ साहेबांनी छडीच्या टोकाने रोप दाखवलं. मी वाकून पाहिलं. पान पिवळं होतं, फक्त शिरा हिरव्या राहिल्या होत्या. रोपं लावून महिना उलटला होता आणि ती लावली तेवढीच होती. काही तर थोडी कमी झाल्यासारखी वाटत होती.

“सर, ट्रान्झिशन पीरियड आहे,” मी म्हणालो.

असा कुठला पीरियड वांग्याच्या आयुष्यात नसतो. तो मी जागच्या जागी तयार केला. बीडीओ साहेब रेव्हेन्यू खात्यातून आलेले. शेतीतलं आपल्याला कळत नाही, हे त्यांना चांगलं कळत असे. म्हणून ते माझ्या इंग्रजीवर विश्वास ठेवत.

“पंधरा दिवसांनी पुण्याहून मोठे साहेब इन्स्पेक्शनला येताहेत. तोवर हा पीरियड आटपा,” असं म्हणून ते जीपकडे गेले.

परसाच्या दारात रुकय्याबी उभ्या होत्या. परस त्यांचाच होता. त्या डोक्यावरचा पदर सावरून आत गेल्या. चार शब्द बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. जुन्नरला ब्लॉक नवाच सुरू झाला होता. ब्लॉक म्हणजे गावागावांच्या विकासासाठी उघडलेलं सरकारी ऑफिस, आणि बीडीओ साहेब त्याचे मुख्य अधिकारी. त्यात गुरांचा एक माणूस, सहकाराचा एक, शेतीचा एक. शेतीचा तो मी. वय तेवीस, हुद्दा एक्स्टेन्शन ऑफिसर, नोकरी प्रोबेशनवर. म्हणजे काम पसंत पडलं तर कायम, नाही तर घरी. एक्स्टेन्शन म्हणजे कॉलेजातलं ज्ञान लोकांच्या दारापर्यंत नेणं. ते दारात ठेवून यायचं की दार ढकलून आत घालायचं, हे ऑर्डरीत लिहिलेलं नव्हतं.

त्या वर्षी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ब्लॉकला कळवलं की गावातल्या बऱ्याच गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, पालेभाजी पोटात जात नाही. बीडीओ साहेबांनी मला बोलावलं. “घरोघरी परसबागा झाल्या पाहिजेत. एक मॉडेल करून दाखवा. ते बघून बाकीचे करतील.”

मी आधी पत्रक लिहिलं. ‘समशीतोष्ण हवेतील यशस्वी परसबागेची सात तत्त्वे.’ जुन्नरची हवा खरोखरच सौम्य. उन्हाळा पोळत नाही, थंडी पिकाला मारत नाही. अशा हवेत बाग न जमणारा माणूस विरळा, असं मी प्रस्तावनेत लिहिलं होतं. तो विरळा माणूस कोण, ते पुढे येईलच. तत्त्वं अशी: दिवसभर ऊन लागेल अशी जागा निवडावी, जमीन दोन फूट खोल खणावी, वाफे सरळ रेषेत असावेत, पाणी सकाळी द्यावं, वगैरे. सहा झाली. सहा हा आकडा मला अपुरा वाटला म्हणून सातवं घातलं: ‘उत्साह असावा.’

मी स्वतः तोवर कोथिंबिरीची काडीही पिकवलेली नव्हती. पुण्यात आम्ही वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. कॉलेजात माझ्या नावाचा प्लॉट होता. त्याची पाटी मी सुरेख रंगवली होती. पाणी माळी घालत असे.

मॉडेलसाठी जागा नर्सबाईंनी सुचवली. कागदी मोहल्ल्यात रुकय्याबींचं घर. मोहल्ल्याला हे नाव का पडलं असेल, असा प्रश्न मला पडला नाही. रुकय्याबी साठीच्या, नवरा वारलेला. मुलगा मुंबईला गोदीत कामाला. घरात त्या आणि सून जुबेदा. जुबेदाला पाचवा महिना होता, आणि नर्सबाईंच्या यादीत तिचं नाव होतं.

परस ऐसपैस. एका अंगाला न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली मेथी, चाकवत, शेपू, सगळं वाकड्यातिकड्या तीन ओळींत. एका जाड दगडी कुंडीतून दुधीचा वेल निघून कौलांवर गेलेला. फुटक्या घमेल्यात पुदिना. कशाचा कशाला मेळ नाही. दुसरा अर्धा भाग मात्र मोकळा, सपाट, सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात. त्यावर गवताची काडीसुद्धा नव्हती. मला वाटलं, जागा किती स्वच्छ ठेवतात!

“ही जागा रिकामी का ठेवलीत, आजी?” मी विचारलं.

“ती हौदाची जागा हाय, साहेब. तिथं काय येत न्हाई.”

मी डायरीत लिहिलं: ‘पूर्वी पाण्याचा हौद. ओलावा उत्तम. सध्या काही लावत नाहीत.’

मग त्यांना पत्रक दिलं. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी कागद बोटांत धरून चोळला, उजेडाकडे धरून आरपार पाहिला, कोपरा जिभेला लावला.

“लई हलका कागद हाय. पाणी लागलं की पिठावानी व्हईल.”

“आजी, कागद नका बघू. आत लिहिलंय ते महत्त्वाचं.”

“व्हय का,” त्या म्हणाल्या आणि पत्रक घडी घालून फळीवर ठेवलं.

दोन मजूर लावून मोकळी जागा खणायला घेतली. दीड फुटावर एक मजूर थांबला. “साहेब, पांढरं लागलं.” मी खड्ड्यात उतरून ढेकूळ हातात घेतलं. आमच्याकडच्या जमिनीत चुनखडीचे खडे निघतात. थोडे असले तर बिघडत नाही, असं पुस्तकात होतं. हे खडे नव्हते, लोण्यासारखा मऊ थर होता. पुस्तकात लोण्याबद्दल काही नव्हतं, म्हणून मी तो खडे आहेत असं धरून चाललो.

रुकय्याबी बाहेर आल्या. “एवढं खोल नका जाऊ, साहेब. खालचं खाली राहू द्या.”

मी त्यांना मुळांना हवा कशी लागते ते समजावलं. चांगली दहा मिनिटं. मग मजुरांना सांगितलं, खालचं वर आणि वरचं खाली, नीट मिसळा.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण बाग बघायला लोक येणार, त्यांना चालायला तीन फूट रुंद सरळ वाट हवी. ती वाट मेथी-चाकवताच्या ओळींवरून जात होती. वाट थोडी वळवता आली असती, पण तिसरं तत्त्व आडवं आलं.

“आजी, हे काढावं लागेल.”

“सून पोटुशी हाय. नर्सबाईनं हिरवं खायला सांगितलंय तिला.”

“म्हणूनच तर करतोय! महिनाभर कळ काढा. मग एवढी भाजी होईल की मोहल्ल्यात वाटाल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरकारी माणूस, हातात डायरी, बाहेर ब्लॉकची जीप. “तुमी शिकल्याले हाय. करा,” म्हणाल्या. मी मेथी माझ्या हाताने उपटली. त्या दिवशी त्यांच्याकडे भाजी भरपूर झाली. दुसऱ्या दिवसापासून काही नाही.

मंचरच्या बाजारातून मी वांगी, टोमॅटो आणि कोबीची निवडक रोपं आणली. दोरी लावून वाफे केले. ‘मॉडेल परसबाग’ अशी पाटी रंगवली. पाट्या मला नेहमी चांगल्या जमत. पाटीच्या उद्घाटनाला बीडीओ साहेब आले, पेढे वाटले.

पहिल्या पंधरवड्यात कोबी गेला. मी म्हटलं, पाणी जास्त झालं. पाणी कमी केलं. टोमॅटो वाळले. पाणी वाढवलं. वांगी तेवढी तग धरून राहिली, पण रंग उतरत गेला. रोज सकाळी मी सायकलवरून जाई, वाफ्यापाशी बसे आणि डायरीत काहीतरी लिही. आज ती डायरी वाचली तर रोग्याच्या उशाशी बसलेल्या, पण वैद्यक न शिकलेल्या माणसाची वाटेल.

एके दिवशी जुबेदा दारात बसून भाकरी खात होती. भाकरीबरोबर लाल चटणी. बाकी काही नाही. मला पाहून तिने ताटली पदराआड घेतली. त्या दिवसापासून ऑफिसला जाताना मी बाजारातून मेथी किंवा शेपूची जुडी घेऊन त्यांच्या दारात ठेवू लागलो. घरच्या भाजीचा प्रचार करायला सरकारने नेमलेला माणूस रोज बाजारची भाजी घरपोच करत होता. एकदा हातात जुडी असताना बीडीओ साहेब समोर आले.

“वा! मॉडेलमधली का?”

“होय सर,” मी म्हणालो. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, हे मला त्याच महिन्यात समजलं.

त्यानंतरच साहेबांनी प्रत्यक्ष येऊन ती पिवळी वांगी पाहिली आणि मला पंधरा दिवस दिले.

पिवळेपणावर माझ्याकडे शेवटचा उपाय होता. अमोनियम सल्फेट. साखरेसारखं दिसणारं पांढरं खत. त्या वेळी ते नवलाचं होतं. घातलं की पीक हिरवंगार. मी जरा सढळ हाताने टाकलं आणि वर झारीने पाणी दिलं.

थोड्याच वेळात नाकात झणका गेला. डोळे चुरचुरायला लागले. मी उठून उभा राहिलो, खोकलो. जुबेदा नाकाला पदर लावून आत पळाली. रुकय्याबी डोळे पुसत बाहेर आल्या.

“या अल्ला! साहेब, चुन्यावर काय टाकलं तुमी?”

“कुठला चुना?”

“ह्योच की. हौदाचा.”

“पाण्याचा हौद होता ना इथे?”

त्यांनी पदराने डोळे कोरडे केले. मग हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. त्यांच्या सासऱ्याच्या काळापर्यंत ह्या घरात कागद होत होता. आख्ख्या मोहल्ल्यात होत होता. जुनी पोती, दोर, चिंध्या चुन्याच्या पाण्यात दिवसचे दिवस भिजत घालायच्या, मग कुटायच्या, धुवायच्या. भिजवायचे ते हौद. धंदा बंद पडला तेव्हा हौदांतला चुना तसाच ठेवून वर माती ओढली. मोहल्ल्यात ‘हौद’ म्हटलं की सगळ्यांना तेच कळतं. पाणी ठेवायच्या जागेला ते टाकी म्हणतात.

मला कॉलेजची लॅबोरेटरी आठवली. अमोनियाचा कुठलाही क्षार चुन्याबरोबर मिसळला की अमोनिया वायू सुटतो. परीक्षेत हा प्रयोग मला आला होता. पूर्ण मार्क मिळाले होते. टेस्ट ट्यूबमध्ये चिमूटभर केलेला तो प्रयोग मी आता अर्ध्या परसात करून दाखवला होता. शिवाय हा चुना दोन फूट खालून उपसून मुळांशी आणून ठेवणारा मीच. चुना जास्त झाला की जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, पान पिवळं पडतं आणि शिरा हिरव्या राहतात. हेही मला येत होतं. आकृतीसह.

“आजी, तुम्ही मला थांबवलं का नाही?”

“सांगितलं व्हतं की. तुमी लिवून घेत व्हता. मला वाटलं, लिवून घेतलं म्हंजी कळलं.”

ह्यावर माझ्याकडे इंग्रजी शब्द नव्हता.

मी तडक ऑफिसात जाऊन बीडीओ साहेबांना खरं सांगितलं. साइट चुकली आहे, जागा बदलावी लागेल. साहेबांनी टेबलावरचा टूर प्रोग्राम माझ्यापुढे सरकवला.

“आठ दिवस राहिलेत. आठ दिवसांत बाग होते?”

“नाही सर.”

“मग तयार झाडं आणून लावा. साहेब दहा मिनिटं थांबतात, चहा घेतात, जातात.”

“सर, ते...”

“पाटणकर, तुम्ही प्रोबेशनवर आहात. आणि पहिल्या रिपोर्टवर सही माझी आहे.”

मी ‘यस सर’ म्हणालो. विरोध केला होता, असं पुढे काही वर्षं मी मित्रांना सांगत असे. तो विरोध म्हणजे वरचे ‘सर, ते’ हे दोन शब्द.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी दुपारी कुकडीकाठच्या एका शेतकऱ्याकडून फळाला आलेली वीस वांगी मुळांवरच्या मातीसकट उपटून बैलगाडीत घातली. तो म्हणाला, “राव, ह्या वयात झाड हलवत्यात व्हय?” मी म्हटलं, सरकारी काम आहे. दिवस मावळायच्या आत ती सरळ रेषेत लावून झाली. जांभळी वांगी लटकत होती. बाग सुरेख दिसत होती.

रुकय्याबींनी मला चहा आणून दिला. मग झाडांकडे वळल्या.

“साहेब, ह्या बिचाऱ्यांनी काय गुन्हा केला?”

मी चहा गरम असल्याचं निमित्त करून खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याचे साहेब नऊला येणार होते, ते साडेअकराला आले. तेवढं ऊन पुरलं. मुळं तुटलेली वीसच्या वीस झाडं माना टाकून उभी होती. वांगी सुरकुतली होती. देवळाबाहेर ताटकळलेल्या माणसांसारखी ती एका ओळीत दिसत होती, आणि ओळ मात्र अगदी सरळ होती.

साहेब उतारवयाचे, किडकिडीत, पायांत साध्या चपला. त्यांनी वाफ्यांवरून एक नजर फिरवली.

“हे काय?”

बीडीओ साहेब पुढे झाले. “सर, हा ट्रान्झिशन पीरियड असतो.”

पुण्याचे साहेब दारातल्या रुकय्याबींकडे वळले. “बाई, ही वांगी कधीची?”

रुकय्याबींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, पण डोळ्यांनी काय मागत होतो ते मला ठाऊक आहे. त्यांनाही कळलं असावं.

“कालची पावणी हायेत, साहेब. राहायला न्हाई आली.”

साहेब उकिडवे बसले, एक झाड धरून ओढलं. ते अलगद हातात आलं. मुळांभोवती नदीकाठच्या काळ्या मातीचा गोळा, खाली खड्ड्यात पांढराफेक चुना. त्यांनी चिमूट उचलून बोटांत चोळली.

“चुना. तुम्हाला माहीत होतं?”

हा प्रश्न मला होता. बीडीओ साहेब आढ्याकडे बघावं तसे आभाळाकडे बघत होते.

“आठ दिवसांपूर्वी कळलं, सर.”

“आणि त्याआधी?”

“त्याआधी ह्यांनी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. मला ऐकू आलं, पण मी ऐकलं नाही. ह्यांची चांगली चालू भाजीही मीच उपटली. वाटेसाठी.”

एवढं बोलून मला हलकं वाटलं. नोकरी जाणार असं वाटत असताना माणूस हलका कसा होतो, कोण जाणे.

साहेब उठले. आमच्या मॉडेलकडे पाठ करून परसाच्या दुसऱ्या अंगाला गेले. पुदिन्याचं पान खुडून चघळलं. दगडी कुंडीवर हात फिरवला.

“दुधी कुंडीत का लावला, बाई?”

“खाली चुना निथरत येतो, साहेब. म्हनून माती उचलून वर ठिवली. नदीची माती, शेळीच्या लेंड्या. आन भाजी न्हाणीपाशी, म्हंजी पाणी घालायला येगळं उठाया नको. जे रोज दिसतं, त्याच्याकडं ध्यान जातं.”

साहेबांनी स्वतःची वही काढली आणि ते लिहून घेतलं. नुसतं लिहून नाही घेतलं, परत एकदा वाचून दाखवलं आणि विचारलं, “बरोबर आहे का?” रुकय्याबींनी एक दुरुस्ती सांगितली. लेंड्या ताज्या नाही, वर्षभर मुरलेल्या. साहेबांनी ‘मुरलेल्या’ घातलं.

चहा न घेता ते जीपमध्ये बसले. मला जवळ बोलावलं. “प्रोबेशन सहा महिने वाढवतो. ती भाजी पहिल्यासारखी करून द्यायची. मजूर लावायचे नाहीत.” बीडीओ साहेबांनाही ते काहीतरी बोलले. जीप सुरू झाल्यामुळे मला ऐकू आलं नाही, पण बीडीओ साहेबांचा चेहरा आमच्या पहिल्या, पिवळ्या वांग्यांच्या रंगाचा झाला.

पुढचा आठवडा ऑफिस सुटल्यावर मी कुकडीतून गाळाची माती आणली. एका बेलदाराची दोन गाढवं भाड्याने घेतली होती. मोहल्ल्यातली माणसं ओट्यावर बसून आमची वरात बघत. “काय साहेब, आज तिघं?” असं कुणीतरी रोज विचारी. मी रोज हो म्हणे.

न्हाणीपाशी रुकय्याबी सांगतील तसे वाफे केले. वाकडे. चुन्याकडच्या बाजूला दगड लावून माती हातभर उंच उचलली. मेथी पाचव्या दिवशी उगवली. सौम्य हवेचा तेवढा फायदा असतो. चूक सुधारायला ती वेळ देते. तीन आठवड्यांनी जुबेदाने पहिली मेथी खुडली. मी तेव्हा मुद्दाम तिथे नव्हतो. कशाला नसत्या ठिकाणी श्रेय घ्यायचं?

होळीच्या सुमारास तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप. नर्सबाई म्हणाल्या, रक्त अजून कमीच आहे, पण आधीच्यापेक्षा बरं. आधीच्यात माझा वाटा किती, हे मी त्यांना विचारलं नाही.

सहा महिन्यांनी मी कायम झालो आणि पुढे तीस वर्षं त्याच खात्यात राहिलो. लोक मला आजही बागेबद्दल विचारतात. काय लावू, किती पाणी घालू, खत कुठलं? मी आधी त्यांनाच विचारतो की तुमच्या परसात कुठे काय येत नाही, आणि हे घरात कुणाला माहीत आहे? बहुतेक घरांत ते एका बाईला माहीत असतं आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. तिला विचारावं, तिने सांगितलेला शब्द कळला नाही तर पुन्हा विचारावं, आणि मगच कुदळ उचलावी.

हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत असे. तसं नाही. एका मास्तरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. त्या तासाला मी पहिल्या बाकावर होतो. मास्तरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी स्वतःचं काहीतरी सांगायला हात वर केला होता.